नवरीवरची छत्री

लग्नाआधीच गेलेल्या मुलीचं लग्न थडग्यापाशी लावायची मारामुरेशच्या डोंगरातली रीत. म्हणून दोम्निका उघड्या शवपेटीत नवरीच्या वेषात निजली होती आणि आई तिच्यावर छत्री धरून उभी होती. वाजवायला आलेल्या गाव्रिलाने मात्र व्हायोलिन कोटाखालून काढलंच नाही.

"आनुत्साकाकी, या पावसात लाकडाचा सरस सुटेल. सांधे उकलले, की मी खाऊ काय?"

"मग काय, लेकीचं लगीन मुक्यानं लावू?"

त्याने कोट आणखी घट्ट आवळला. काकीने छत्री लेकीच्या तोंडावरून काढली आणि त्याच्यावर धरली.

"वाजव. तिला आता पडसं व्हायचं नाही."

गाव्रिला वरातीची धून वाजवू लागला. व्हायोलिनवर थेंबही पडला नाही. काकी मात्र मोकळ्या हाताने नवरीचं कपाळ पुसतच राहिली.