काव्याला जेवू घालायचं होतं

फोन आला तेव्हा गुरुशांत कारखान्यात होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मोबाईल घेऊन तो बाहेर नळापाशी आला.

"अण्णा, शिवूच्या गाडीला ट्रकनं ठोकलं," धाकटा भाऊ सिदू म्हणाला. "वैनी राहिली नाही."

गुरुशांतची बायको महानंदा सकाळीच मुलाच्या, शिवूच्या, मोटारसायकलवर बसून बहिणीकडे निघाली होती. दुपारच्या आत परत येते म्हणाली होती.

"शिवू?"

"पायाला लागलंय. ऑपरेशनला आत घेतलंय त्याला. तू दवाखान्यात येऊ नको, मी हाय हितं. कागदं होऊन वैनीला घरी आणायला चार वाजतील. तू घरी जा. काव्या यायलीय ना?"

त्याची लेक काव्या पुण्याहून सकाळच्या गाडीत बसली होती. दोन दिवसांची रजा काढून येत होती. गाडीत तिला कुणी सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

गुरुशांत घरी पोचला तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. शेजारच्या गौरम्मानं त्याला आत नेलं. गौरम्मा त्याच्या आईच्या वयाची होती.

"गुरुशांता, आधी पोरीला जेवू घाल. मग सांग. एकदा कळलं की खड्ड्यात माती पडेपर्यंत घास उतरत नाही. रात्र होईल तवर. लांबनं येतीय लेकरू."

"घरात गॅस कसा पेटवू?"

"पेटव. मी बघितलं नाही." तिनं बायकांना उठवून आपल्या घरी नेलं. दारातल्या चपलासुद्धा उचलून नेल्या.

ओट्यावर पातेल्यात राजमा भिजत होता. महानंदानं रात्री घातलेला. काव्यानं दोन वर्षांपासून दूध, दही, तूप सगळं सोडलं होतं. मटण तर या घरात कधीच नव्हतं. काल रात्री ती फोनवर आईला राजम्याची एक परदेशी भाजी सांगत होती.

"चिली म्हणतात आई त्याला. झटपट होतं."

"चिली म्हणजे मिरचीच की. मला काय मिरची शिकवतीस? आणि तूप नाही, दही नाही, मग तू जगतीस कशावर गं?"

"तुझ्या बोलण्यावर."

गुरुशांत शेजारी बसून ऐकत होता, म्हणून त्याला आठवत होतं. त्यानं राजमा कुकरला लावला आणि शिट्ट्या बोटांवर मोजल्या. कांदा आणि लसूण चिरला. ढोबळी मिरची, गाजर आणि मक्याचे दाणे फ्रीजमध्ये होते. हेही सगळं महानंदानंच आणून ठेवलं होतं. तेलात कांदा टाकला तो थोडा करपला. टोमॅटो, तिखट आणि जिऱ्याची पूड घालून भाज्या परतल्या, मग राजमा ओतला. सवयीनं हात तुपाच्या डब्याकडे गेला. त्यानं तो मागे घेतला.

साडेबाराला त्यानं सिदूला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही उचलला नाही. कागदांच्या रांगेत असेल, असं त्याला वाटलं.

तोंड धुऊन त्यानं आरशात बघितलं. तासभर हा चेहरा टिकवायचा होता. आई कुठे आहे विचारलं तर मावशीकडे राहिली म्हणायचं, हे त्यानं दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं.

काव्या दीड वाजता आली. गाडी सव्वाबाराला येते.

"उशीर झाला?"

"झाला थोडा." तिनं पिशवी दारात ठेवली, मोरीत जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, तोंडावर पाणी मारलं. डोळे लाल होते.

"झोप झाली नाही काय गं?"

"गाडीत कुठं झोप लागते, आप्पा."

तिनं आईचं विचारलं नाही. त्याला बरं वाटलं. खोटं बोलायची वेळ जितकी पुढे जाईल तितकी चांगली. त्यानं ताट वाढलं. राजमा, कडक भाकरी, शेंगाचटणी.

"तुमी केलं हे?"

"कांदा करपलाय."

"करपू दे. तुमचं ताट कुठाय?"

"मी मागनं जेवतो."

"शुगरची गोळी घेतलीय ना सकाळी? मग? तुमी बसल्याशिवाय मी हात लावणार नाही."

तो बसला. नाही बसलं तर तिला संशय आला असता. पहिला घास त्यानं पाण्याबरोबर खाली ढकलला. काव्या जेवत होती. भाकरी मोडून रश्श्यात भिजवत होती, त्याच्या ताटात बघत होती.

"अजून घ्या."

"बास."

"अर्धी भाकरी. मी पण घेते."

तिनं खरंच घेतली. एवढी जेवताना त्यानं तिला बघितलं नव्हतं. पोरगी पोटभर जेवली, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्याच्या मनात आलं. त्यानंही अर्धी भाकरी संपवली.

तिनं दोन्ही ताटं उचलली, घासली, पालथी घातली. ती येऊन समोर बसल्यावर गुरुशांतनं घसा साफ केला.

"काव्या, तुला एक सांगायचंय. तुझी आई..."

"मला ठाऊक आहे, आप्पा. शिवूच्या मित्राचा फोन आला होता गाडीत. मी स्टेशनवरनं दवाखान्यात गेले होते. तिथनंच आले."

"मग जेवलीस कशी तू?"

"तुमी जेवावं म्हणून."

बाहेर गौरम्माच्या घरातून बायकांचा आवाज येत होता. काव्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

"सिदूकाकांनी सकाळी आईपुरता एकच खड्डा खणायला सांगितलाय, आप्पा. शिवूचा अजून सांगायचा राहिलाय."