रिकामी बरणी

वडशाच्या बाजारात तिबेटी बाईच्या दुकानात सात चिनी बरण्या होत्या. प्रत्येकीत मूठभर तांदूळ होते. "रिकामी देऊ नका, बाई," एक बांधून देताना ती म्हणाली.

बीएस्सी झालेल्या कांताने घरी तांदूळ ओतून काढले, बरणी धुतली आणि सवयीने तोलली. चारशे ग्रॅम. बारशाला ती वच्छलाताईच्या अशक्त लेकीच्या पाळण्याशी ठेवली.

"रिकामीच आणली काऊन वं?" ताई हसली.

आठवड्याने ताई हसत नव्हती. "दूध तं पोटभर पिते, कांते. मंग वजन जाते कुठी?"

कांताने बरणी उचलली. ती हाताला जड लागली. झाकण काढलं, तर आत काहीच नव्हतं.

तिने तराजू मागवला. बाळ बारशाच्या वजनापेक्षा दोनशे ग्रॅमने कमी भरलं.

रिकामी बरणी सहाशे ग्रॅम भरली.