डबल बेल

“शिलाताई, आता तुमची पाळी. शेजारच्या माणसाला आजवर कधी न विचारलेला एक प्रश्न विचारा,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

शिला उठली. शेजारचा माणूस म्हणजे तिच्याच बसचा ड्रायव्हर, भागवत. आगाराच्या हॉलमधली चाळीस माणसं माना वळवून बघू लागली. भिंतीवर ‘कामाच्या ठिकाणी संवाद’ असा फलक, आणि त्याच्या बरोबर खाली सव्वा वर्षात एकमेकांशी अवाक्षर न बोललेली ही कंडक्टर-ड्रायव्हरची जोडी. लोकांना हसू येणारच की.

तशी ड्युटी न बोलताही चालली होती. वसमत ते औंढा, रोज तीन खेपा. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. कंडक्टरला दोरी आणि ड्रायव्हरला कान असले की झालं, त्यात तोंडाचं काम काय?

बिनसलं होतं बाभळीच्या फाट्यावर. एका म्हातारीचं गाठोडं उतरवून द्यायला शिला खाली उतरली आणि आत कुण्या शहाण्यानं दोनदा दोरी ओढली. भागवतनं गाडी काढली. शिला बोंबलत मागं पळाली, पण ऐकतो कोण? पुढच्या गावापर्यंत भर उन्हात तीन किलोमीटर पायपीट झाली. तिथं गाडी उभी होती आणि खिडक्यांतून माणसं खिदळत होती. “बेल झाली, गाडी काढली,” भागवत एवढंच म्हणाला. चुकलं म्हणायला जीभ उचलली नाही मेल्याची. मग शिलानंही तोंडाला कुलूप घातलं.

वर त्या दिवसापासून गाडीला नवाच रोग जडला. ही डबल बेल देई आणि गाडी तशीच गुरगुरत उभी राही. प्रत्येक थांब्यावर तेच. औंढ्याला पोचेपर्यंत बारा मिनिटं उशीर ठरलेला. तिथल्या स्टँडवरचा चहावाला आतिफ तर वेळापत्रक बघतच नसे. गाडीच्या टायमात बारा मिनिटं मिळवायची आणि मगच आधण ठेवायचं, हा त्याचा हिशेब. उशिराच्या नोटिसा मात्र दोघांच्या नावानं निघायच्या. परवा तिसरी आली. चौथी आली की शिलाची बदली, तीही दुसऱ्या जिल्ह्यात. घरी दोन लेकरं शाळेत जाणारी. त्यांना काय पाठीला बांधून न्यायचं?

म्हणूनच ड्रायव्हर बदलून मागायचा अर्ज तिनं पर्समध्ये आणला होता. आगारप्रमुखांच्या कानावर ते गेलंच होतं; ते मागच्या खुर्चीवर बसलेले होते. आज सगळ्यांसमोर याचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून ती भागवतकडं वळली.

“मी डबल बेल दिल्यावर तुमी गाडी काहून काढत न्हाई? माझी बदली करायचीय का तुमाला?”

भागवत रुमाल पिळत उठला.

“आरशात तुमी दिसल्याबिगर काढत न्हाई, ताई,” तो म्हणाला. “गर्दीत दिसायला टाइम लागतो. बेल काय, कुनीबी वाजवतं. त्या दिवशी बेलवर भरवसा केला आन तुमाला उन्हात चालत यावं लागलं. चुकलं म्हनायला मला तोंड न्हाई झालं. म्हनलं, पुन्हा तरी चुकायचं न्हाई.”

शिला मटकन खाली बसली. सव्वा वर्ष जपलेला राग, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं.

“तुम्ही कसला तरी अर्ज आणला होता म्हणे?” आगारप्रमुखांनी मागून विचारलं.

“आणला होता, साहेब. हा प्रश्न आधीच विचारला असता तर कागद वाचला असता.”

सगळा हॉल हसला. भागवतही हसला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेला गाडी खचाखच भरली होती. शिलानं डबल बेल दिली आणि गर्दीवरून खणखणीत ओरडली, “भाऊ, मी आत हाय!” गाडी लगेच हलली. पुढच्या थांब्यावर तेच, त्याच्या पुढच्या थांब्यावर तेच. बाभळीच्या फाट्यावर ती मुद्दाम खाली उतरली, पदर सारखा केला, सावकाश चढली आणि पुन्हा ओरडली. गाडी वाऱ्यासारखी निघाली.

औंढ्याच्या स्टँडवर आतिफ आत्ता कुठं शेगडी पेटवत होता. गाडी बघून त्याच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

“भागवतभाई, आज इतक्या लवकर काहून?”

भागवत खाली उतरला. स्टँडवरच्या माणसांनी त्याचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“लवकर न्हाई, बराबर टायमाला. आज नुसती बेल न्हाई वाजली, ताईनं आवाज दिला.”