आईसाठी वाढलेलं ताट

सकाळी युलालीने पुढच्या खोलीचं दार लोटलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. पांढऱ्या कापडावरचं ताट चाटूनपुसून साफ झालं होतं. मक्याच्या पिठाचा घट्ट कुकू नाही, तुरीचे दाणे नाहीत; मटणातलं एक हाडूक तेवढं कडेला नीट ठेवलेलं. शेजारचा रमचा पेलाही रिकामा होता.

"तुझी आई जेवून गेली!" मागून आलेली विल्मा छातीवर क्रूस काढत पुटपुटली. विल्मा तिची चुलतबहीण. कालच्या स्वयंपाकाला हातभार लावायला आली होती, ती इथेच झोपली होती.

"आई हाडूक कधी ठेवायची नाही, चावून गिळायची," युलाली म्हणाली. "हे पाहुण्याचं काम आहे."

कॅरिबियन समुद्रातल्या या कॅरिआकू बेटावर घरात मोठं काही ठरवायचं असलं की पितरांना ताट वाढतात. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही, आणि स्वप्नात काय उत्तर येतं ते बघायचं. युलालीला आईला एकच विचारायचं होतं: हे पाहुणेघर बंद करू का? समुद्रासमोरच्या या चार खोल्या आईने उभ्या केल्या होत्या, आणि जाताना बजावलं होतं की या दारातून पाहुणा परत जाता कामा नये. युलालीने शब्द दिला, आणि तो पाळता पाळता तिचे गुडघे गेले. पाहुणे दरवर्षीचे, ठरलेले, आणि त्यांना सगळं होतं तसंच हवं. खिडक्यांना तोच निळा रंग, पलंगावर तीच गोधडी. ती नुसती दमली नव्हती, विटली होती.

आणि काल पाठ टेकताच ती जी मेल्यासारखी झोपली, ती थेट कोंबडा आरवेपर्यंत. स्वप्न नाही की काही नाही.

ओसरीवर मिस्टर लेस्ली आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. दर फेब्रुवारीत लीड्सहून यायचे. बायको होती तेव्हा जोडीने, आता एकटे. इतकी वर्षं येत होते की ते पाहुणे आहेत हेच सगळे विसरून गेले होते. म्हणूनच ताटाबद्दल त्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना उशीर झाला की युलाली जेवण झाकून ठेवायची. काल ते रमच्या दुकानातून उशिरा परतले आणि सरळ ताटावर बसले.

"थांब, मी बघते त्याच्याकडे," विल्मा बाह्या सरसावत म्हणाली. "पितरांच्या तोंडचा घास पळवला त्या गोऱ्याने!"

"तू भांडी बघ. मी जाते."

युलाली कोकोची किटली घेऊन बाहेर आली. "रात्री जेवलात ना, मिस्टर लेस्ली?"

"जेवलो की! मेणबत्ती काय, पांढरं कापड काय, वर रम. एवढा थाट तुम्ही माझ्यासाठी आजवर केला नव्हता. म्हटलं, म्हाताऱ्याची कीव आली वाटतं यांना."

"आवडलं?"

लेस्ली घुटमळले. मांडीवरची टोपी त्यांनी उगाच फिरवली. "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"रागवायला त्राण कुठंय आता?"

"मीठ नव्हतं, मिस युलाली. मटणात नव्हतं, दाण्यांत नव्हतं. कशातच नव्हतं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. पितरांच्या ताटात मीठ घालत नाहीत, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लेस्लींना नव्हतं.

"तरी मी सगळं संपवलं," ते म्हणाले. "पण मग झोप लागेना. दुसऱ्या कुणाच्याही हातून मीठ सुटेल, पण तुमच्या? आणि मग आठवलं, परवा माझी बॅग उचलताना तुम्ही कठडा धरून उभ्या राहिलात. मी बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं, कारण मला इथलं काही बदलायला नको असतं. तुम्ही थकलात, मिस युलाली. पुरे करा आता. आमच्यासाठी म्हणून हे ओढत बसू नका."

युलालीने किटली टेबलावर ठेवली. पाहुण्यांसमोर बसायचं नाही, ही आईची शिस्त तिने आजवर मोडली नव्हती. तिने समोरची खुर्ची ओढली आणि ती बसली.

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. जरा मोठ्याने म्हणा."

"मी काही लागेलसं बोललो का?"

"म्हणा तर खरं."

"पुरे करा, असं म्हणालो," लेस्ली गोंधळून, पण मोठ्याने म्हणाले.

विल्मा हात पुसत दारात येऊन उभी होती. "ऐकलं मी," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आपण काय बोलून बसलो ते लेस्लींच्या आता कुठे ध्यानात आलं असावं. "म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत मी..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं.

युलालीला त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण उठून त्यांचा पेला भरावा असं काही तिला वाटेना. तिने पाय लांब केले.

"कोको किटलीत आहे, मिस्टर लेस्ली," ती म्हणाली. "तुमचा तुम्ही ओतून घ्या. आणि मलाही द्या थोडा."