दाराबाहेरची गादी

“दरवर्षी हीच कुबट गादी. नवी आणा म्हणून सांगून जीभ झिजली माझी,” मुख्याध्यापिका हिस्केबाई येल्मरच्या कानाशी कुरकुरल्या.

शेवटच्या वर्गातल्या मुलांना हातपाय धरून झोके द्यायचे आणि शाळेच्या दाराबाहेर गादीवर फेकायचं, ही हॉलंडमधल्या त्या गावाची निरोप द्यायची रीत. येल्मर आता तिथेच शिक्षक होता, पण लहानपणी त्यालाही बाईंनीच फेकलं होतं. आज बाई निवृत्त होत होत्या, म्हणून मुलांची पाळी संपल्यावर शिक्षकांनी त्यांनाच धरलं.

येल्मरने खांद्याखाली हात घातले आणि तो थांबला. हातात नुसता स्वेटर आल्यासारखं वाटलं. वर्षभर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी बाईंच्या डोक्याला बांधलेल्या रुमालांचं कौतुक केलं होतं; हा निळा छान, तो पिवळा जास्त छान. त्यानेही केलं होतं.

“एक, दोन, तीन,” मुलं ओरडली. येल्मरचे हात हलेनात. “उतरवू का बाई?” त्याने विचारलं.

बाईंनी मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं, “नाताळ काही मला दिसायचा नाही, येल्मर. फेक आता, पोरं खोळंबलीत.”