शहाणं बाळ

"आता टोचून तर बघ!" आजीनं नातवाचे दोन्ही पाय दुपट्यात गुंडाळले आणि वर करकचून गाठ मारली.

सुई घेऊन आलेली नर्स थबकली. सकाळपासूनची ही तिची तिसरी खेप. पहिल्या वेळी आजीनं टाच टोचू दिली होती, दुसऱ्या वेळी हाकलून लावलं होतं. जन्माला येऊन पाच तास झाले नाहीत, तोच लेकराचं रक्त काढायचं म्हणजे काय! आजीचं पित्त खवळलं होतं. साडेचार किलोचं बाळ. गाल असे की डोळे शोधावे लागत. वॉर्डातल्या बायका येऊन कौतुक करून गेल्या, आणि ही कालची पोर म्हणे तपासायला हवं! सून ऑपरेशननंतर गुंगीत होती. बाळाला आईच्या कुशीत झोपवू का, असं आयाबाईनं दोनदा विचारलं. आजी दोन्ही वेळा तिच्या अंगावर खेकसली आणि बाळ मांडीवर घेऊन ताठ बसून राहिली.

"मावशी, तुमच्या सुनेला गरोदरपणात साखर झालीय. फाइलमध्ये लिहिलंय," नर्स म्हणाली.

"फाइलीत काय, वाट्टेल ते लिहाल! आमच्याकडे सात पिढ्यांत कुणाला साखर नाही. आणि असली तर तिला असेल. या पोराचा काय गुन्हा? बघ, कसं शहाण्यासारखं झोपलंय. दोन तास झाले, रडणं नाही की दूध मागणं नाही."

"दूध मागितलंच नाही?"

"एकदाही नाही," आजी तोऱ्यात म्हणाली.

नर्सनं गाठीशी झटापट केलीच नाही. कात्रीनं दुपटं सरळ कापलं. बाळाचा हात उचलून सोडला, तर तो लुळा खाली पडला. तिनं टाच टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि डॉक्टरांना मोठ्यानं हाक मारली. डॉक्टरांबरोबर आणखी एक नर्स धावत आली. एकीनं बाळाच्या गालात आतून साखरेचं जेल चोळलं, दुसरीनं इवल्याशा हाताला सलाइन लावलं. आजी खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

अर्ध्या तासानं आकडा वर चढला. थोड्या वेळानं बाळानं तोंड वासलं आणि वॉर्ड डोक्यावर घेतला.

"आईच्या रक्तात साखर वाढली की पोटातल्या बाळालाही जास्त मिळते. म्हणून ते असं मोठं होतं," नर्स घाम पुसत म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "ती साखर जिरवायला बाळाचं शरीर जास्तीचं इन्सुलिन करतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद, इन्सुलिन मात्र तेवढंच. मग बाळाची साखर झपकन उतरते. ते गप्प पडून राहतं आणि तुम्ही म्हणता, शहाणं आहे! वेळेवर कळलं नाही तर झोपेतच जाऊ शकतं, मावशी."

"शेजारी आई झोपलेली असली तरी?"

"तिला बिचारीला काय कळणार?"

आजी नर्सच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तरातरा बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर आजोबा पेपर वाचत बसले होते. तिनं तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

"अहो, आपला पहिला. तोही एवढाच गुटगुटीत होता. तोही रडला नव्हता."

"अगं, हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत! तेहतीस वर्षं तुम्ही आणि तुमच्या आईनं मला ऐकवलंत, झोपेत तूच त्याला अंगाखाली घेतलंस. उठा, आत चला आणि त्या पोरीच्या तोंडून ऐका. मी माझं बाळ मारलं नव्हतं!"