ऊन परतवणारी काच

सुंदराबाईंचा धम्मदीप परदेशातल्या प्रयोगशाळेत काचेवर सिरॅमिकचा थर चढवायचा, केसाहूनही पातळ. थर जरासा बदलला की उजेड किती आत घ्यायचा आणि ऊन किती परतवायचं, हे त्याच्या हातात. सुट्टीत आला तेव्हा त्याने आईच्या रस्त्याकडच्या खिडकीला तशीच काच उघडता न येणारी, पक्की बसवली, एसी लावला आणि परत गेला. सुंदराबाईंनी गल्लीभर ऐकवलं, "माझ्या लेकानं सूर्याला बाहेर उभं केलंय!"

पूर्वी खिडकीत त्या दिसल्या की मंडईतून येणारी जुबेदा थांबायची. "काय सुंदराबाई, आज शिव्या खायची कुणाची पाळी?" मग दोघींची मस्त जुंपायची.

आजही जुबेदा थांबली. थेट सुंदराबाईंच्या डोळ्यांत बघत तिने ओढणी सारखी केली, दातात अडकलेलं काहीतरी काढलं.

"अगं बये, तोंड बघायला माझीच खिडकी सापडली का?" सुंदराबाई आतून ओरडल्या. बाहेरून आरसा झालेल्या काचेपलीकडे काहीच पोचलं नाही. दार उघडून हाक मारणं त्यांच्या ताठ्यात बसत नव्हतं. जुबेदा निघून गेली.

संध्याकाळी धम्मदीपचा फोन आला. "आई, काच कशी आहे? ऊन येतं का आत?"

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "आता ऊनसुद्धा येत नाही."